रेगे-डान्सहॉल गायकाचा जीवनपट कसा मांडावा : शुगर मिनॉटच्या निमित्ताने

जमैकाच्या रेगे संगीतातील किंवा त्यातूनच पुढे आलेल्या, नाचाच्या मैदानांवरच्या डान्सहॉल शैलीतील गायकाचे चरित्र लिहायला बसणारा माणूस बहुधा त्याच्या अल्बमांची यादी समोर ठेवून सुरुवात करतो आणि तिथेच वाट चुकतो. जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे गायकाची खरी कारकीर्द सात इंची तबकड्यांवर, साउंड सिस्टिमसाठी (नाचासाठी तबकड्या वाजवणाऱ्या ध्वनिसंचासाठी) कापलेल्या एकुलत्या एक प्रतींवर आणि रात्रभर चाललेल्या नाचाच्या मैदानात घडत असे. अल्बम पुष्कळदा नंतर, एखाद्या निर्मात्याने हाताशी असलेली दहा गाणी एकत्र बांधून काढलेला असे. एकाच वर्षी चार निर्मात्यांकडून चार अल्बम निघाले म्हणजे गायकाने त्या वर्षी चार वेगवेगळे कलात्मक टप्पे ओलांडले असा अर्थ होत नाही. त्यामुळे अल्बमांच्या क्रमाने लिहिलेले चरित्र दिसायला नीटनेटके होते, पण त्यात तो गायक सापडत नाही.

गायकाला त्याच्या रिडिमांवरून, म्हणजे ज्या तालवाद्य-बास रचनांवर तो गायला त्यांवरून, आणि ज्या माणसांच्या संगतीत तो वाढला त्यांच्यावरून शोधावे, ही या लेखातील पद्धत आहे. उदाहरण म्हणून लिंकन बॅरिंग्टन मिनॉट, अर्थात शुगर मिनॉट (२५ मे १९५६ ते १० जुलै २०१०), याला निवडले आहे. साउंड सिस्टिमवर तबकड्या लावणारा सिलेक्टर, गायकत्रयीतील आवाज, स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण स्टुडिओतला शिकाऊ उमेदवार, स्वतःच्या लेबलचा निर्माता, ब्रिटिश सिंगल्स चार्टवरचा गायक आणि गरीब वस्तीतल्या मुलांचा आधारस्तंभ अशा जमैकन संगीतातील जवळजवळ सर्व भूमिका त्याने निभावल्या. त्याच्या कारकिर्दीवर ही पद्धत एकदा चालवून पाहिली की दुसऱ्या कोणत्याही गायकावर ती लावता येते.

नाव आणि सुरुवात

पहिले काम नावांचे. जमैकन संगीतात टोपणनाव हीच खरी ओळख असते, आणि ते बदलतेही. गार्नेट सिल्क हा प्रार्थनेसारखे गाणारा गायक सुरुवातीला ‘लिटल बिंबो’ या नावाने डीजे होता. हे ठाऊक नसेल तर त्याच्या आयुष्यातील कित्येक वर्षे संशोधकाच्या हातून निसटतात. बुजू बँटनचे ‘बँटन’ हे त्याच्या कुटुंबाचे आडनाव नाही, ते आधीच्या बरो बँटन या डीजेच्या प्रभावातून आलेले आहे. म्हणून जन्मनाव, सर्व टोपणनावे, लेबलांवर छापलेली त्यांची वेगवेगळी रूपे आणि ज्या गटांत तो गायला त्यांची नावे, एवढी यादी पहिल्याच पानावर असावी. लेबलवर नावाची अक्षरे चुकीची छापणे ही किंग्स्टनच्या छापखान्यांची नित्याची गोष्ट होती. त्यामुळे जवळपास सारखी दिसणारी नावे एकाच माणसाची समजण्याआधी आवाज ऐकून खात्री करावी.

येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा. जमैकात ‘डीजे’ म्हणजे तबकडी लावणारा नव्हे. तबकडी लावतो तो सिलेक्टर, आणि संगीतावर लयीत बोलतो, हाकाटी करतो, गर्दीला खेळवतो तो डीजे. गाणारा तो ‘सिंगर’, आणि या दोहोंच्या मधला तो ‘सिंगजे’. मुलाखत वाचताना हा फरक विसरला तर गायकाच्या पहिल्या नोकरीबद्दलच गैरसमज होतो.

मिनॉटची सुरुवात सिलेक्टर म्हणूनच झाली. पौगंडावस्थेत तो ‘साउंड ऑफ सायलेन्स कीस्टोन’ या साउंड सिस्टिमवर तबकड्या निवडत असे. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली येथे आहे. नाचणाऱ्या गर्दीसमोर रोज रात्री तबकड्या लावणाऱ्या मुलाला कोणती बास रचना वाजली की लोक भिंत सोडून मैदानात येतात हे अचूक कळते, आणि एका तबकडीच्या मागच्या बाजूला असलेल्या केवळ वाद्यांच्या ‘व्हर्जन’वर मनातल्या मनात नवे शब्द बसवायची सवय त्याला आपोआप लागते. तेव्हा गायकाच्या बालपणाचे प्रकरण लिहिताना शाळा आणि चर्च यांच्याबरोबरच त्याच्या वस्तीत कोणती साउंड सिस्टिम वाजत होती, तिचा मालक कोण होता आणि कोणते डीजे तिच्यावर येत, हे शोधून काढावे. चर्चमधील सामूहिक गायनाने गळा घडतो हे खरे, परंतु डान्सहॉल गायकाची जाण घडते ती ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर.

यानंतर गटाची पायरी येते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिनॉट हा टोनी टफ आणि डेरिक हॉवर्ड यांच्यासह ‘आफ्रिकन ब्रदर्स’ या त्रयीत गात होता. त्या काळी जमैकात गायकांच्या त्रयींची चलती होती. त्रयी फुटल्यानंतरच तिच्यातले सभासद एकल गायक म्हणून उभे राहिले. अशा गटाच्या तबकड्या ऐकताना मुख्य आवाज कोणाचा आणि पाठीचे स्वर कोणाचे हे प्रत्येक गाण्यासाठी वेगळे नोंदवावे, कारण त्रयीत मुख्य गायक गाण्यागणिक बदलू शकतो आणि लेबलवर फक्त गटाचे नाव असते.

रिडिमची वही

या पद्धतीचा कणा म्हणजे एक वही, किंवा तक्ता म्हणा. प्रत्येक गाण्यापुढे पुढील गोष्टी लिहाव्यात : रिडिम कोणता, तो मुळात कोणत्या गाण्यासाठी वाजवला गेला, हे गाणे त्या जुन्याच ध्वनिफितीवर गायलेले आहे की रिडिम नव्याने वाजवून घेतला आहे, निर्माता, लेबल, स्टुडिओ, वादक, ध्वनिमिश्रण करणारा तंत्रज्ञ आणि मागच्या बाजूला काय आहे. सुरुवातीला पुष्कळ रकाने रिकामे राहतील, आणि ते तसेच राहू द्यावेत. अंदाजाने भरलेला रकाना पुढे दुसऱ्या कोणाच्या लेखात सत्य म्हणून वावरतो.

ही वही कशासाठी, ते मिनॉटच्या स्टुडिओ वनमधील वर्षांवरून स्पष्ट होते. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड या निर्मात्याने १९६३ साली किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवर हा स्टुडिओ उभारला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे जॅकी मिटू, लेरॉय सिबल्स यांच्यासारख्या वादकांनी असंख्य रिडिम वाजवून ठेवले. पुढे १९७०च्या दशकात मॅक्सफील्ड अव्हेन्यूवरील हूकिम बंधूंच्या चॅनेल वन स्टुडिओत ‘रेव्होल्यूशनरीज’ हा वादकसंच स्टुडिओ वनच्याच जुन्या रचना नव्या, जोरकस ढंगात वाजवू लागला, आणि त्या तडाखेबंद विकल्या जाऊ लागल्या. ड्रमवर स्लाय डनबर आणि बासवर रॉबी शेक्सपिअर ही जोडी या काळात नावारूपाला आली. ज्याच्या फिती होत्या तो डॉड मागे पडत होता, आणि त्याच्या नकलांवर दुसऱ्यांचा धंदा चालला होता.

या वळणावर मिनॉट डॉडकडे शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाला. गाणे, गिटार, तालवाद्ये, पाठीचे स्वर, पडेल ते काम तो करी. त्याच्याकडे एक हुकमी गुण होता : जुनी फीत लावली की तिच्यावर तो नवे गाणे रचू शकत असे. वादकांना नव्याने बोलावण्याची, पैसे देण्याची गरज नव्हती. टेनर्स या गटाच्या ‘प्रेशर अँड स्लाइड’ या जुन्या गाण्याच्या रिडिमवर त्याने ‘ओह मिस्टर डीसी’ गायले. खेड्यातून गांजा घेऊन शहराकडे येणारा एक गरीब विक्रेता जिल्हा शिपायाच्या, म्हणजे शीर्षकातल्या ‘डीसी’च्या, तावडीत सापडतो आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकामुलांची आठवण देऊन त्याला गयावया करतो, असा त्या गाण्याचा प्रसंग आहे. अल्टन एलिस या गायकाच्या ‘आय अॅम जस्ट अ गाय’ या प्रेमगीताच्या रिडिमवर त्याने ‘व्हॅनिटी’ गायले. मिशिगन आणि स्मायली या डीजे जोडीने त्याच रिडिमवर ‘रब अ डब स्टाइल’ केले. १९७८चा ‘लाइव्ह लव्हिंग’ हा अल्बम या कामाचे फळ होता. पुढे ज्याला डान्सहॉल म्हटले गेले त्याची कार्यपद्धती, म्हणजे परिचित रिडिम, नवे शब्द आणि एकाच पायावर अनेक आवाज, या अल्बममध्ये आधीच दिसते, असे अनेक जाणकार मानतात आणि ते मला पटते.

आता हीच माहिती वहीतून वाचून पाहावी. अल्बमांच्या यादीत ‘लाइव्ह लव्हिंग’ ही केवळ एक ओळ असते. वहीत मात्र प्रत्येक गाण्याच्या मागे दहा वर्षांपूर्वीचे दुसरे गाणे, त्या वेळचे वादक आणि त्याच रिडिमवरचे समकालीन डीजे उभे राहतात. गायकाने काय उसने घेतले आणि काय स्वतःचे घातले हे तेव्हा कुठे तपासता येते. त्यासाठी मूळ गाणे, गायकाचे गाणे आणि डीजेची आवृत्ती ही तिन्ही लागोपाठ ऐकावीत. पहिल्यांदा शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त बास ऐकावा, दुसऱ्यांदा आवाज बासच्या कोणत्या ठोक्यावर येतो ते पाहावे, आणि तिसऱ्यांदा शब्द. मूळ गायकाने जिथे लांब स्वर धरला तिथे मिनॉट पुष्कळदा छोटे छोटे तुकडे टाकतो, कारण त्याच्या कानात साउंड सिस्टिमवरचा डीजे आहे. ही गोष्ट वाचून कळत नाही, ती ऐकावीच लागते.

यातून एक नैतिक जबाबदारीही येते. बासवादक, ड्रमवादक आणि तंत्रज्ञ यांची नावे लेबलांवर क्वचित छापली जात. चरित्र गायकाचे असले, तरी ज्या वादकाच्या चार ठोक्यांवर पन्नास गायक उभे राहिले त्याचे नाव जिथे निश्चित कळले असेल तिथे लिहिलेच पाहिजे.

लेबल आणि तारखा

जमैकन तबकडीवर साल छापलेले असेलच असे नाही. पुष्कळ तबकड्या कोऱ्या लेबलवर निघत. काही वर्षांनंतर त्याच साच्यातून नव्या लेबलखाली पुन्हा छापल्या जात. डॉडच्या बाबतीत तर एकच तबकडी कित्येक वर्षे पुनःपुन्हा छापली गेली, आणि जुन्या फितींवर १९७०च्या दशकात नवी वाद्येही चढवली गेली. म्हणून प्रकाशनाचे साल ठरवताना तीन आधार तरी जुळावेत. पहिला आधार खोबणी जिथे संपते तिथल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला साच्याचा क्रमांक. त्यात अनेकदा निर्मात्याची आद्याक्षरे असतात, आणि त्याच निर्मात्याच्या आगेमागच्या क्रमांकांची साले ठाऊक असतील तर मधले साल सापडते. दुसरा आधार समकालीन छापील उल्लेख : किंग्स्टनचे ‘ग्लीनर’ हे १८३४ पासूनचे दैनिक आणि लंडनमधील ‘ब्लॅक एकोज’ हे साप्ताहिक यांतील जाहिराती व याद्या. तिसरा आधार गाण्यातला मजकूर. जमैकातील १९७६ची आणीबाणी, तिथलीच ३० ऑक्टोबर १९८०ची रक्तरंजित निवडणूक, ११ मे १९८१ रोजी झालेला बॉब मार्लीचा मृत्यू यांसारख्या घटनांचे पडसाद गाण्यांत लगेच उमटत. परंतु हा आधार एकटा पुरेसा नसतो, कारण जुन्या घटनेवरचे गाणे नंतरही लिहिले जाते.

तबकडीचा आकारही काही सांगतो. सात इंची तबकडी म्हणजे सर्वसाधारण विक्री. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली बारा इंची ‘डिस्कोमिक्स’ म्हणजे गाणे संपल्यावर न थांबता पुढे डीजे किंवा डब (आवाज काढून वाद्यांचे नव्याने केलेले मिश्रण) चालू राहण्याची सोय. दहा इंची मऊ अॅसिटेट म्हणजे डबप्लेट, जी एका साउंड सिस्टिमसाठी कापली जाई आणि काही डझन वेळा वाजवल्यावर झिजून जाई. गायकाचे महत्त्व मोजण्याचे खरे माप ही डबप्लेट आहे. तिच्यात गायक आपल्याच लोकप्रिय गाण्याचे शब्द बदलून त्या साउंड सिस्टिमचे नाव घेतो आणि प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतो. कोणत्या साउंड सिस्टिमला त्याच्या आवाजाची गरज वाटली हे त्यावरून समजते. त्या रात्रींच्या ध्वनिमुद्रित कॅसेटी संग्राहकांमध्ये हातोहात फिरल्या आणि आज त्यांतल्या अनेक ऐकायला मिळतात. त्यांचा आवाज खराब असतो, मध्येच तबकडी थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावली जाते, लोक ओरडतात, पण लोकांना कोणती ओळ भिडली याचा याहून प्रामाणिक पुरावा दुसरा नाही.

निर्मात्याच्या खुर्चीत

गायक स्वतः निर्माता झाला की चरित्राला दुसरी वही लागते, आणि तिच्यात त्याने दुसऱ्यांकडून गाऊन घेतलेली गाणी नोंदवायची. मिनॉटने १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओ वन सोडून ‘ब्लॅक रूट्स’ हे लेबल आणि ‘युथमॅन प्रमोशन’ ही साउंड सिस्टिम व संघटना उभी केली. १९७९चा ‘घेटो-ऑलॉजी’ हा अल्बम त्याने स्वतःच निर्माण केला. युथमॅन प्रमोशनमागची कल्पना साधी होती : वस्तीतल्या ज्या मुलाला स्टुडिओच्या दारातून आत घेतले जात नाही त्याला मायक्रोफोन मिळावा. ज्युनिअर रीड, टेनर सॉ, यामी बोलो, टोनी रिबेल आणि गार्नेट सिल्क हे सारे कलाकार कधी ना कधी त्याच्या छायेत वावरले.

यांतल्या प्रत्येकाचे पहिले ध्वनिमुद्रण कोणाकडे झाले, ते युथमॅनकडे केव्हा आले आणि मोठे यश त्यांना कोणाकडे मिळाले, हे वेगवेगळे लिहावे. टेनर सॉचेच पाहा. तो युथमॅन प्रमोशनच्या अंगणात वाढला, पण १९८५ साली गाजलेले ‘रिंग द अलार्म’ हे त्याचे गाणे विन्स्टन राइली या निर्मात्याचे, आणि तेही राइलीच्याच जुन्या ‘स्टॅलॅग’ रिडिमवर आहे. गुरूने घडवावे आणि पीक दुसऱ्याने न्यावे, हे मिनॉटच्या बाबतीत वारंवार घडलेले दिसते. ते लिहिताना कोणाला खलनायक ठरवण्याची गरज नाही. गायक एका निर्मात्याशी बांधलेला नसे, आज इथे आणि उद्या तिथे गाऊन रोख पैसे घेई, ही त्या धंद्याची घडीच होती. मिनॉट स्वतःही जॉर्ज फँग या निर्मात्यासाठी ‘बाय ऑफ द बार’ आणि स्लाय-रॉबीसाठी ‘हर्ब्समन हसलिंग’ गायलाच.

किंग्स्टनबाहेर

जमैकन गायकाच्या आयुष्यात लंडन आणि न्यूयॉर्क हे बहुतेक वेळा असतातच, पण या दोन शहरांची प्रकरणे वेगळ्या रीतीने लिहावी लागतात. लंडनमध्ये १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ‘लव्हर्स रॉक’ ही प्रेमगीतांची मऊ, तरल शैली कॅरिबियन वंशाच्या तरुण पिढीत रुजली होती. मिनॉटचा गोड, किंचित नाकातला आवाज तिथे चपखल बसला. १९७९चे ‘हार्ड टाइम प्रेशर’ हे कष्टकऱ्यांचे गाणे तिथल्या रेगे श्रोत्यांत गाजले, आणि १९८१ साली ‘गुड थिंग गोइंग’ ब्रिटिश सिंगल्स चार्टवर चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. हे गाणे मुळात मायकेल जॅक्सनने १९७२च्या ‘बेन’ या अल्बममध्ये गायलेले.

चार्टचा आकडा मिळाला की लेखकाला हायसे वाटते, आणि धोका इथेच असतो. रेगेच्या तबकड्या मुख्यतः वस्तीतल्या लहान दुकानांतून विकल्या जात, आणि राष्ट्रीय चार्ट ज्या दुकानांच्या विक्रीवरून तयार होई त्यांत ती दुकाने क्वचितच असत. म्हणजे चौथा क्रमांक मिळालेले गाणे हेच त्याचे सर्वांत जास्त ऐकले गेलेले गाणे होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. रेगेच्या स्वतंत्र याद्या पाहिल्याशिवाय असे विधान करू नये. माझे स्वतःचे मत असे की ‘गुड थिंग गोइंग’ हे त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत प्रसिद्ध पण सर्वांत कमी प्रातिनिधिक गाणे आहे, आणि त्याच्या चरित्रात त्याला एक परिच्छेद पुरे. या यशानंतर तो बाहेरच स्थिरावू शकला असता, पण त्याने युथमॅनच्या कामाला वाहून घेतले. या निवडीला मात्र सविस्तर जागा द्यावी.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉंक्स भागात लॉइड ‘बुलवॅकी’ बार्न्सचा स्टुडिओ होता. त्याच्यासाठी मिनॉटने १९८३च्या सुमारास केलेले काम अंधुक, धुकट ध्वनीचे आहे, आणि किंग्स्टनच्या झणझणीत मिश्रणापासून ते इतके वेगळे आहे की एकच गायक दोन शहरांत दोन वेगळ्या वातावरणांत कसा ऐकू येतो याचा तो उत्तम पाठ आहे. स्थलांतराच्या प्रकरणात विमानाच्या तारखांपेक्षा स्टुडिओंच्या ध्वनीतला हा फरक अधिक बोलका असतो.

१९८५ची फाळणी

डान्सहॉल गायकाच्या चरित्रात १९८५ हे साल वेगळे काढावेच लागते. त्या वर्षी किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातील निर्माता किंग जॅमी, म्हणजे लॉइड जेम्स, याने वेन स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ प्रसिद्ध केले. त्याचा रिडिम कॅसिओ कंपनीच्या एमटी-४० या छोट्या कळफलकातील तयार तालावर उभा होता. कोणी बासवादक नाही, कोणी ड्रमवादक नाही. काही महिन्यांत किंग्स्टनमधील निर्माते यंत्रांकडे वळले, खर्च घटला, तबकड्यांची संख्या वाढली आणि एकेका रिडिमवर डझनावारी गाणी येऊ लागली.

अशा वेळी वहीतील नोंदींवरून गायकाचे वय कळते. जुन्या ध्वनिफितींवर वाढलेल्या गायकांपैकी काहींना यांत्रिक तालाचा ताठरपणा झेपला नाही, तर काहींनी आपला स्वर अधिक ठसठशीत केला. मिनॉट नव्या रिडिमांवरही गायला आणि तरुण डीजेंच्या शेजारी उभा राहिला, परंतु त्याच्या १९७८ ते १९८४ या काळातील गाण्यांची सहजता नंतर कमी होत गेली, असे माझे मत आहे. चरित्रकाराने असे मत द्यायला हरकत नाही. फक्त ते मत म्हणून द्यावे आणि सोबत ऐकण्यासाठी दोन गाणी शेजारी शेजारी सुचवावीत, म्हणजे वाचकाला स्वतःच्या कानांनी निवाडा करता येईल.

पैसा आणि हक्क

जमैकाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा १९९३ साली अमलात आला. त्यापूर्वी तिथे १९११चा ब्रिटिश कायदा लागू होता. या एका वाक्यामागे शेकडो गायकांचे हाल आहेत. गायकाला ध्वनिमुद्रणाच्या वेळी एकरकमी पैसे मिळत, गीतकार म्हणून लेबलवर पुष्कळदा निर्मात्याचे नाव छापले जाई, आणि रिडिम वाजवणाऱ्यांचा हक्क कोणी मानतच नसे. चरित्रात गाण्याचे श्रेय लिहिताना ‘लेबलवर छापलेले श्रेय’ आणि ‘मुलाखतींत गायकाने किंवा वादकांनी सांगितलेले श्रेय’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, आणि दोहोंत मतभेद असेल तर दोन्ही बाजू मांडाव्यात. न्यायालयाने निकाल दिला नसेल तिथे आपण न्यायाधीश होऊ नये.

मुलाखती आणि गाण्यांचे शब्द

मुलाखती हा सर्वांत जिवंत आणि सर्वांत निसरडा आधार आहे. वीस वर्षांनंतर सांगितलेली हकिकत सांगणाऱ्याच्या मनात एका आकारात बसलेली असते, साले सरकतात, आणि दोन स्टुडिओंतल्या दोन रात्री एक होऊन जातात. म्हणून मुलाखतीतून माणसे, स्वभाव, जागा आणि कारणे घ्यावीत, आणि तारखा तबकडीवरून व वर्तमानपत्रावरून घ्याव्यात. किंग्स्टनमधील नॅशनल लायब्ररी ऑफ जमैका येथे वर्तमानपत्रांचा संग्रह आहे, आणि वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना येथील परिसरात रेगेचा शास्त्रशुद्ध अभ्यास होत आला आहे. तिथल्या अभ्यासकांचे लेखन वाचल्यावर संगीताकडे केवळ बाहेरून कुतूहलाने पाहण्याची सवय मोडते.

शब्दांच्या बाबतीत सावध राहावे. जमैकन पात्वा ही स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे, आणि महाजालावर सापडणारे गीतांचे मजकूर बहुतेक वेळा परक्या कानांनी उतरवलेले असतात. एखाद्या ओळीवर निष्कर्ष उभारण्यापूर्वी ती पात्वा बोलणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी. दुसरे म्हणजे डान्सहॉलमधील काही गाण्यांत हिंसेचा गौरव आणि समलिंगी व्यक्तींविषयी द्वेष आहे. ज्याचे चरित्र लिहायचे आहे त्याने अशी गाणी गायली असतील तर ती यादीतून गाळू नयेत आणि काळाचे कारण देऊन झाकूही नयेत. गाणे केव्हा आले, त्यावर कोणी आक्षेप घेतला, गायकाने पुढे काय भूमिका घेतली, हे सरळ लिहावे. गायकावरचे प्रेम अशा ठिकाणी पारखले जाते.

रास्ताफारी या जमैकातील धर्मपंथाच्या श्रद्धेविषयीही हेच. गायकाने जटा वाढवल्या म्हणजे तो कोणत्या पंथाचा, किती निष्ठावान, हे ठरत नाही. मिनॉटच्या गाण्यांत जाहचे, म्हणजे रास्ताफारींच्या देवाचे, स्मरण, भुकेची तक्रार आणि प्रेयसीची मनधरणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर सुखाने नांदतात, आणि त्यांपैकी एकच बाजू खरी मानणारे चरित्र अर्धवट राहील.

शेवटची वर्षे

गायकाच्या उतरत्या काळाचे प्रकरण बहुतेक लेखक घाईत उरकतात, कारण तेव्हा गाजलेली गाणी नसतात. परंतु त्या काळात तो कोणत्या देशांत गात होता, कोणत्या छोट्या लेबलांनी त्याला बोलावले, कोणत्या जुन्या गाण्यांची पुनर्मुद्रणे निघाली, यावरून त्याचे संगीत कोणापर्यंत पोहोचले होते ते समजते. मिनॉट अखेरपर्यंत गात राहिला आणि तरुणांची ध्वनिमुद्रणे करत राहिला. १० जुलै २०१० रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे जमैकात निधन झाले. टेनर सॉ १९८८ मध्ये अमेरिकेत आणि गार्नेट सिल्क ९ डिसेंबर १९९४ रोजी मँडव्हिल येथील घरातल्या आगीत, असे त्याच्या अंगणातले दोन मोठे आवाज त्याच्या आधीच गेले होते. त्या मृत्यूंभोवती अफवा पुष्कळ आहेत. त्यांतली कोणतीही कागदपत्रांच्या आधाराशिवाय चरित्रात येऊ देऊ नये.

निधनानंतर निघालेल्या तबकड्या वहीत वेगळ्या पानावर नोंदवाव्यात, आणि प्रत्येकीपुढे दोन साले लिहावीत : ध्वनिमुद्रणाचे आणि प्रकाशनाचे. जुन्या कपाटातून निघालेली फीत, थेट साउंड सिस्टिमच्या रात्रीची कॅसेट आणि जुन्या आवाजाखाली नव्याने वाजवलेला रिडिम या तीन अगदी भिन्न वस्तू असतात, जरी दुकानात त्या एकाच नावाखाली आणि एकाच छायाचित्रासह विकल्या जात असल्या तरी. तिसऱ्या प्रकारच्या तबकडीत गायकाचा आवाज अस्सल असला, तरी त्याने तो बास कधीच ऐकलेला नसतो. म्हणून ती गायकाच्या कारकिर्दीत न धरता निर्मात्याच्या कारकिर्दीत धरावी.